चटणीच्या बरणीमागच्या गोळ्या

ऋतुजा,

मी मोहोळला लग्नाला चाललेय, सांजच्याला येते. भाकरी झाकून ठेवल्यात.

मागल्या हप्त्यात तुज्या टीबीच्या गोळ्या आणाया गेले, तवा नर्सबाईनं इचारलं, "सून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेती का?" मी व्हय म्हनलं. टीबीच्या औषदानं त्यांचा जोर कमी हुतो म्हनं. टीबीच्या सोडायच्या न्हाईत, पाळण्यासाठी दुसरा उपाय करायचा. सोमवारी दोगी जाऊन इचारू.

तवापासनं जिवाला नुसता घोर. आज सकाळी "पाळी आलीया, देवपूजा तुमीच करा" म्हनलीस, अन् माजा जीव भांड्यात पडला. नातवंड पायजेच की, पण तू खणखणीत झाल्यावर.

आन् त्या गोळ्या शेंगाचटणीच्या बरणीमागं दडवू नगंस. माज्या बीपीच्या गोळ्यांशेजारी ठेव.

आत्याबाई