तिसरी ‘ब’मधली तुझी भाषा

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आता कल्याणच्या आमच्या शाळेत तुझी भाषा शिकवतात. शिकवते मीच. तिसरी ‘ब’, मंगळवार आणि शुक्रवार, शेवटचा तास.

जूनमध्ये शहाडहून एक मुलगी वर्गात आली. तुझ्यासारखंच तिलाही ऐकू येत नाही. पहिले पंधरा दिवस ती बाकावर नुसती बसून असायची, कुणी जवळ गेलं की दप्तराचा पट्टा चावायची. मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, “कुणाला खुणांची भाषा येते का?” मी खाली बघितलं. मला ती मराठीच्याही आधीपासून येते, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

आणि मला टेंभी नाक्यावरची नवरात्रातली ती संध्याकाळ आठवली. मी नऊ वर्षांची. देवीच्या रांगेत तू माझ्याशी भरभरून बोलत होतीस, आणि पुढे माझ्या वर्गातल्या मुली उभ्या. मी तोंड फिरवलं. घरी आल्यावर तू कणीक मळायला घेतलीस, मधेच थांबलीस, आणि त्याच हातांनी मला रागावायला लागलीस. पीठ उडतंय, माझ्या फ्रॉकवर, फोडणीच्या डब्यावर. “भांड, रुसून बस, पण तोंड फिरवू नकोस. तू बघितलं नाहीस की माझं बोलणंच संपतं.”

“मला येते,” मी बाईंना म्हटलं. “माझ्या आईची भाषा आहे.”

“मग एकटीशीच कशाला बोलता? अख्ख्या वर्गाला शिकवा. इंग्रजी शिकतात तशी हीपण शिकतील.”

एक पालक तक्रार घेऊन आले. “मॅडम, आमच्या मुलीला चांगलं ऐकू येतं. तिला हे कशाला?” मुलगी शेजारीच उभी होती. म्हणाली, “पप्पा, मग इंग्लिश तरी कशाला? आपण काय इंग्लिश आहोत?” ते हसले आणि गेले.

आता वर्ग कसा आहे सांगू? पाढ्यांच्या परीक्षेत टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता, आणि बाकाखालून आठ साते छप्पन्न या टोकाचं त्या टोकाला पोचलेलं. शहाडची ती पोर इतरांचे चुकलेले हात धरून सरळ करते. परवा मी तिच्या आईला बोलावून सांगितलं, वर्गात फार बोलते हो ही. ती बाई पायरीवर बसली, डोळे पुसत हसत राहिली, आणि म्हणाली, “परत सांगा ना, मॅडम.”

हे पत्र तपासलेल्या वह्यांच्या कपाटात राहील. तरी एक कबूल करते. ‘शाब्बास’ म्हणताना समोरच्याचं नाक चिमटीत धरून हलवायचं, ही खूण कुठल्याच पुस्तकात नाही, तू घरात बनवलेली आहे, हे मला गेल्या आठवड्यात ठाण्याच्या प्रशिक्षणात कळलं. तोवर चाळीस पोरं एकमेकांची नाकं हलवत फिरायला लागली होती. मी अजून त्यांना खरी खूण शिकवलेली नाही. या वर्षी शिकवेन असं वाटतही नाही.