मे महिन्यातली नाताळची गाणी

नाताळच्या गाण्यांची कॅसेट माझ्या दुकानात पस्तीस रुपयांना मिळत असे. ती मला कितीला पडते याचा हिशेब करताना मी कोरी फीत धरली, वीज धरली, मशीनचं हेड झिजतं तेही धरलं. बायकोची बारा हिवाळ्यांची झोप धरायची राहिली. ती धरली असती तर धंदा पहिल्याच वर्षी बंद केला असता.

मी, फक्रुद्दीन बाबालाल शिकलगार, वय एकसष्ट, धंदा कॅसेट रेकॉर्डिंग, राहणार सदर बाजार, कोल्हापूर, हे स्वतःच्या हातानं आणि राजीखुशीनं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कुणी दाब टाकलेला नाही. फसवायला आले ते चहा पिऊन परत गेले. कान अजून असे आहेत, की दुकानात कॅसेट लागली आणि पट्टा सैल असला तर मला रस्त्यावरून कळतं.

कलम १. मिळकत. सदर बाजारातलं दोन खोल्यांचं घर, शाहूपुरीतलं दुकान आणि बँकेतली ठेव. सगळं माझ्या कमाईचं आहे. गडमुडशिंगीहून सायकल मारत येऊन रेडिओ दुरुस्ती शिकलो. उस्तादानं शिकवलं कमी, शिव्या जास्त दिल्या, पण दोन्ही उपयोगी पडलं. वारस दोघं: पत्नी बिबीजान आणि मुलगा तोहिद, जो पुण्यात नोकरीला असतो. वकील म्हणाले, आमच्या कायद्यानं वारसांचे हिस्से ठरलेले आहेत, तुम्हाला बाहेर देता येईल ते एक तृतीयांश. ते एक तृतीयांश मी सून शबनम, म्हणजे तोहिदची बायको, जी इथं आमच्याजवळच असते, हिला देतो. तिनं बिबीजानला सांभाळावं म्हणून देतो. तशी अट घाला म्हटलं, तर वकील म्हणाले, "घाला की. पण टिकायची न्हाय." म्हणून अट घालत नाही, विनंती लिहितो. उभ्या जन्मात मी गिऱ्हाइकाला विनंती केलेली नाही.

कलम २. ही विनंती कशासाठी, ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दुकानात लग्नाच्या, उरुसाच्या, गणपतीच्या ऑर्डरी माझ्याकडे असत आणि नाताळच्या बिबीजानकडे. कारण इतकंच, की कोडोलीच्या तानाबाई सातपुते १९९० साली पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मिरजेला सामान आणायला गेलो होतो. बिबीजान म्हणाली, "बसा आक्का, मी भरून देते." पुढं त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका तिच्याकडेच येऊ लागल्या. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हे तीच ठरवी. पहाटे फेरी निघते तेव्हा ताऱ्याचं. मग मेंढपाळांचं, त्यात ढोलकी आहे, थंडीत पाय उचलतात. पाळण्याचं म्हाताऱ्या बायकांसाठी. पोरं पेंगायला लागली की बर्फाचं इंग्रजी गाणं. आम्ही दोघांनी बर्फ पाहिलेला उसाच्या रसाच्या गाड्यावर. तीन-चार वर्षं रमझान डिसेंबरात आला, तेव्हा रोजा सोडून ती परत मशीनवर बसली.

२००२ च्या डिसेंबरात, ऑर्डरी चालू असतानाच, तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. माझं नाव तिला येत नाही, अल्लाचंही येत नाही. पण दवाखान्यातच एका दुपारी तिनं मेंढपाळांचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. शब्द चुकला नाही, सूरही नाही. डॉक्टर म्हणाले, "असं होतं. बोलणं जातं, गाणं राहतं. पण त्यात अर्थ शोधत बसू नका."

मी शोधला. डॉक्टरांचा धंदा डोळ्यांचा, माझा कानांचा. ताऱ्याचं गाणं धरलं की तिला खिडकी उघडून हवी असते. मेंढपाळांचं म्हणजे अंगावर पांघरूण. पाळण्याचं म्हणजे कूस बदलायची. बर्फाचं म्हणजे पाणी. मागी लोकांचं, म्हणजे ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेल्या शहाण्यांचं, गाणं म्हटलं की दारात कुणीतरी आलेलं असतं. अडीच वर्षांत तिचं गाणं ओळखायला मी एकदाही चुकलेलो नाही. हे शबनमनं पाठ करावं, एवढीच विनंती.

कलम ३. शेजारी कृष्णात चौगुले, टेलर, यांना दुकानातला मोठा स्पीकर द्यावा. त्यांनी भर उन्हाळ्यात भिंतीवर थाप मारून विचारलं होतं, "फक्रुभाई, मे महिना हाय की ओ! नाताळ संपला म्हणून वैनींना कुणी सांगितलं का न्हाय?" मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. मग कळलं, की शिलाईमशीन चालवताना ते स्वतः पाळण्याचं गुणगुणतात, तेही बेसूर. स्पीकर त्यांना शिक्षा म्हणून आहे.

कलम ४. तोहिद यास. दुकान विकायचं तर विक, मोबाइलचं काढायचं तर काढ. कॅसेटला आता गिऱ्हाईक नाही, हे मला तुझ्याआधी ऐकू आलंय. मागच्या ईदला तू म्हणालास, "अब्बा, पुण्याला चला दोघं. पण अम्मीच्या गाण्याचं काय करायचं? खालीच घरमालक ऱ्हातोय." तुझ्यावर राग नाही. घरमालक पैसे देऊन गप्प बसवता येतो का, तेवढं बघ. तिला गप्प करायच्या गोळ्या देऊ नकोस.

कलम ५. शबनम, बेटी, तू चांगली आहेस. तिला भरवतेस, तिची वेणी घालतेस. पण परवा म्हणालीस, "अब्बा, अम्मी नुसतं गातात. त्यात मागणं कुठं हाय?" मी हसलो. रात्रभर झोप लागली नाही. माझ्यानंतर ती बर्फाचं गाणं म्हणेल आणि लोक म्हणतील, काय गोड गळा आहे. तुझा कान धरून मी शिकवू शकत नाही. कायदा शिकवत नाही, पैसाही नाही. तानाबाईंना म्हटलं, तुम्ही तरी मधूनअधून येत जा. त्या म्हणाल्या, "येईन की भाऊ. पण माझं बी वय झालंय, आता गाणी सगळी एकच ऐकू येत्यात."

कलम ६. बिबीजानच्या हाताचं पाणी मी बारा वर्षं रात्री दुकानात प्यालो. कफन-दफन साधं करावं. मयतीच्या वेळी ती गायला लागली तर कुणी गप्प करू नये.

हे लिहिलेलं वाचून, समजून सही केली आहे.

लिहून ठेवणार: फक्रुद्दीन बाबालाल शिकलगार (सही)

साक्षीदार:
१) कृष्णात ज्ञानू चौगुले, सदर बाजार (सही, स्पीकरचं कलम वाचून)
२) तानाबाई शांतवन सातपुते, कोडोली (सही)

स्थळ: कोल्हापूर. तारीख: १९ मे २००५.

सह्यांनंतर, साक्षीदारांसमोर लिहिलेलं: सह्या चालू असताना बिबीजाननं बर्फाचं गाणं धरलं. मी पाणी दिलं. तिनं तोंड फिरवलं. शबनमनं दिलं, तेही घेतलं नाही. गाणं अजून चालू आहे.