मिश्रीचा आळ

आई, परवा नगरला माझा इको काढला. हृदयातली एक झडप आकसलीय, रक्तही कमी झालंय. डॉक्टरांनी शौचाचा रंग विचारला तेव्हा मला रागच आला. छाती दाखवायला आलेल्या बाईला हे काय विचारणं! ते म्हणाले, झडप अरुंद झाली की रक्त तिथून फार जोरानं जातं, त्यात रक्त गोठवणारा एक घटक तुटतो, आणि मग आतड्यातल्या नाजूक शिरा पाझरायला लागतात. शौच डांबरासारखं काळं होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईंना असं काही होतं का?" मला एकदम आपलं सोनईचं स्वयंपाकघर दिसलं.

एकाहत्तर साल असेल, किंवा बाहत्तर. मी चार बुकं शिकून नुकतीच मास्तरीण झालेली, आणि तू पिठासारखी पांढरी पडत चाललेली. घागर घेऊन आलीस की आधी उंबऱ्यावर टेकायचीस. नेवाशाचे डॉक्टर नळी लावून म्हणाले, छातीत आवाज येतोय. पोटाचे डॉक्टर वेगळे, ते म्हणाले आत जखम असेल. एकाचं दुसऱ्याला कोणी सांगितलं नाही. तुझं शौच काळं कशानं होतं ते मग मीच ठरवलं: मिश्रीनं. तव्यावर तंबाखू जाळायची, दातांना घासायची, काळी लाळ गिळायची, दुसरं काय होणार? तुझी डबी मी चुलीत रिकामी केली. तू तिथंच बसली होतीस.

महिन्याभरानं तू मला बाजूला घेतलंस. "मी न्हाई लावली गं. तरी बी काळंच हाय."

"चोरून लावत असशील. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." आजारी आईला मी ही म्हण ऐकवली! लाज वाटते मला.

तू परत चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसलीस. थापता थापताच म्हणालीस, "व्हय, लावली. आता गप ऱ्हा." दिवाळीच्या आत तू गेलीस.

आता मला काही म्हणजे काही उमगत नाही. तू खरंच लावली होतीस, की माझं तोंड बंद व्हावं म्हणून कबूल झालीस? तुझीही झडपच असेल का, की पोटातलं निराळंच काही? आणि तेव्हा कळलं असतं तरी सोनईच्या बाईची झडप कोण बदलणार होतं? अशी मनाची समजूत घालते, आणि लगेच वाटतं, मग निदान मिश्री तरी लावू द्यायची होती. तुझा तेवढाच तर शौक होता.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. डॉक्टरांच्या प्रश्नाला मी म्हणाले, "नाही हो, तसलं काही नव्हतं. तिला मिश्रीचं व्यसन होतं, त्यानंच गेली." त्यांनी कागदावर तसंच लिहून घेतलं, आणि मी खाली सही केली.