झाडझाडोऱ्यासह

८ एप्रिल, मंगळवार

आज माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद सरकारदरबारी होणार नाही, म्हणून इथे करतो. वकील अमरदीप यांच्या कार्यालयात पाठ असलेली खुर्ची एकच, आणि तीत प्रिंटर बसतो! मी, जमिनीचा सोळा आणे मालक, दोन तास स्टुलावर. प्रिंटरच्या मागे तर उशीसुद्धा होती.

"काका, त्याला हलवला की तो कागद खातो," अमरदीप म्हणाला. मला हलवलं की मी काय करतो, हे काही त्याने विचारलं नाही.

खाडीकडचे वीस गुंठे विकतोय. गिऱ्हाईक मितेश — राहतो ठाण्याला, कागदोपत्री शेतकरी. जयगडच्या रस्त्याने इकडचे भाव चढलेत, माझ्याच्याने आंब्याच्या कलमांची उस्तवार होत नाही, आणि गुडघे म्हणतात शहरात लिफ्टवाला फ्लॅट घे. इतकं सरळ आहे सगळं.

९ एप्रिल

खरेदीखताचा मसुदा वाचला. सुरेख! मी मितेशला नुसती जमीन देत नाही. 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेप यांसह, झाडझाडोऱ्यासह' देतोय. निधी-निक्षेप म्हणजे पुरलेलं धन. बापजाद्यांना जे कधी सापडलं नाही, तेही मी उदार मनाने देऊन मोकळा.

चतुःसीमा — पूर्वेस जानू यांची जमीन. जानू जाऊन तीस वर्षं झाली. पण सातबाऱ्यावर माणूस मरत नाही, फक्त त्याचे वारस भांडतात. पश्चिमेस खाडी. तिला कुणी विचारलेलं नाही. हरकत नसावी.

आणि चार गुंठे 'पोटखराबा'. म्हणजे निव्वळ कातळ, सरकारच्या मते तिथे काही उगवत नाही. श्रावणात जाऊन बघा म्हणावं. फुलांतून पाय ठेवायला जागा नसते! पण फुलांवर शेतसारा बसत नाही, म्हणून ती नाहीत.

११ एप्रिल

मितेश जागा बघून गेला. "सर, व्ह्यू मस्त आहे." मसुद्यात व्ह्यू राहिलाय. अमरदीपला सांगायला हवं.

१३ एप्रिल, रविवार

तुळसावैनी आली. खालच्या वाडीतली, मासळी विकते, भागोजीची सून. डोक्यावर बांगडे होते, पण टोपली खाली ठेवली नाही. म्हणजे काम वेगळं.

"भाऊ, जमीन इकताव म्हनं?"

"चाललंय."

"मंग आमचा रातांबा?"

गडग्याला, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधाला लागून रातांब्याचं, कोकमाचं, एक झाड आहे. त्याची फळं माझ्या आठवणीत तिच्याच घरी जातात. ती आमसुलं करते. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या — ते दोन महिने तिची चूल त्या आमसुलांवर पेटते. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या झाडावर मी तिला 'चालू दे' म्हणतोय, असा माझा थाट!

"तुमचे बाबा बोललेले सासऱ्यांना, ह्यो रातांबा तुझा. तुमच्या कलमांना पानी घातलानी ना त्यांनी, तीन वर्सं. खालच्या इहिरीवरनं."

"कागद?"

"बाबा बोलले ना!"

कागदाहून वरचं काहीतरी दाखवावं तशी म्हणाली. आणि गेली.

खरं आहे ते. मी पाहिलंय. सात-आठ वर्षांचा असेन. भागोजीच्या खांद्यावर कावड, दोन डबे, तो उभा चढ, आणि वर पोचला की आधी कलमाला, मग स्वतःच्या तोंडाला. बाबा गेले, भागोजी गेला. साक्षीदार एकच उरलाय, आणि तो जमीन विकतोय.

१६ एप्रिल

अमरदीपकडे गेलो. (स्टूलच.) 'रातांब्याचे एक झाड या विक्रीतून वगळले आहे, फळांचा हक्क तुळसा हिचा' — एका ओळीचं काम निघालं! मितेश फोनवर, "एक झाड ना, चालेल सर." स्वतःवर इतका खूश होतो, की कढीत मीठ नाही हे हात धुताना कळलं.

संध्याकाळी वैनीला सांगायला गेलो. आनंद? छे!

"झाड दिलंत. मी जाऊ कशी? उडत?"

वाट राहिलीच.

"आनि नर?"

"कसला नर?"

"भाऊ, तुमी पेपरात लिवताव ना?"

फाटकाजवळचं ते दुसरं रातांब्याचं झाड. फुलतं, फळ कधीच धरत नाही. तो नर. तो नसेल तर गडग्याजवळच्या मादीलाही फळ धरायचं नाही. बाबा एकदा वांझ म्हणून तोडायला निघाले, तेव्हा भागोजी कोयत्याच्या आडवा आला होता म्हणे. आणि मी जन्मभर आयती आमसुलं आमटीत टाकतोय!

१९ एप्रिल

मितेश आला. वाटेला हो म्हणाला. "पण ते दुसरं झाड नाही जमणार सर. तिथे माझा स्विमिंग टँक आहे."

टँक जमिनीवर नाही, नकाशात आहे. झाड जमिनीवर आहे, नकाशात नाही. यातलं कोण खरं, ते मला गेल्या दहा दिवसांत पुरतं कळलंय.

"जे काही देतच नाही, ते ठेवायचं कशाला, सर?"

हा प्रश्न संपादक दर दिवाळीला माझ्याबद्दल विचारतात, म्हणून असेल — झोंबला.

"मग राहू दे व्यवहार," म्हटलं. म्हणून झाल्यावर कळलं की म्हटलं. मितेशने चहा संपवला, नमस्कार केला. वाईट माणूस नाही.

२१ एप्रिल

फ्लॅटवाल्याला नाही कळवलं. त्याने लिफ्टचा फोटो पाठवला. आरसा आहे आत. पुसून टाकला. फोटो.

२९ एप्रिल

तुळसावैनीच्या नावे हक्कपत्र नोंदवलं. रातांबे दोन, पैकी एक नर. रस्त्यापासून तिथवर पायवाट. उद्या जमीन कुणीही घेवो. लिहिताना अमरदीप एका जागी अडला — "काका, मोबदला काय टाकू? मोकळं नाही सोडता येत."

म्हटलं, लिही — पाण्याच्या रूपाने, वडिलांच्या हयातीतच, भरून पावलो.