ब्रेकच्या टाकीत मी ओतलेलं तेल

बाबा, तुला लिहायला बसले की आधी आपलं स्वयंपाकघर आठवतं. दवाखान्यातून तू दोन रिकाम्या सिरिंज मागून आणल्या होत्यास. मध्ये नळी जोडलीस, पाणी भरलंस आणि एकीचा दांडा मला दाबायला लावलास. दुसरीचा आपोआप बाहेर सरकला. "बघ गो, पाणी दबत नाय. इथं दाबलं का तिथं ढकलतं." आई भाकऱ्या थापता थापता आपल्या दोघांना वेड्यात काढत होती. मी बावीस वर्षांची, बारावीनंतर घरी बसलेली. किन्हवलीच्या गॅरेजात पोरीला कामाला घेतलंस म्हणून लोक बोलत, तुला त्याचं काही नव्हतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मला असा शिकवलास: पेडल दाबलं की दांडा पिस्टनला ढकलतो, पिस्टनपुढचं रबर ऑइलच्या टाकीकडचं बारीक भोक बंद करतं आणि कोंडलेलं ऑइल चारी चाकांपर्यंत जोर नेतं. पाय काढला की स्प्रिंग पिस्टनला मागे आणते, भोक उघडतं, चाकं सुटतात. "सगळा खेळ त्या रबराचा हाय." त्या रबराला इंजिन ऑइल चालत नाही, हेही तू सांगितलं असशील. माझं लक्ष नव्हतं.

मग तो दिवस. तू पार्ट आणायला मुरबाडला गेलेला. आदल्या दिवशी तू ब्रेकचं काम केलेली जीप दारात उभी, ड्रायव्हर चहाला गेलेला. मी टाकीचं झाकण उघडून बघितलं, ऑइल जरा कमी दिसलं. तुला कौतुक वाटेल म्हणून फळीवरचा हाताला लागला तो डबा घेतला आणि ओतलं. दोन दिवसांनी शहापूरच्या रस्त्यावर जीपचे ब्रेक धरून बसले, चाकं तापली, ऑइल उकळलं आणि उतारावर पेडल रिकामंच खाली गेलं. भरलेली जीप भाताच्या खाचरात शिरली. माणसं चिखलाने माखली, तेवढ्यावर निभावलं.

तू सिलिंडर खोलला. रबर फुगून त्या बारीक भोकावरच बसलेलं. "तू वतलंस का गो काय?" मी म्हटलं, "नाय बाबा." तू माझ्याकडे बघितलंस आणि विश्वास ठेवलास. ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल, दोन्ही डबे फळीवर शेजारीच होते. "मंग माझीच नजर चुकली," म्हणालास.

त्यानंतर तू ब्रेकला हात लावला नाहीस. ब्रेकची गाडी आली की शहापूरला पाठवायचास. साधं इंजिन ऑइल घालतानाही डबा उन्हात धरून दोनदा वाचायचास, आणि मी पाने पुसत शेजारी उभी असायचे. कधीही सांगता आलं असतं. तू रागावला असतास, दोन दिवस बोलला नसतास, पण तुझा हात तुला परत मिळाला असता. मला मात्र तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

तू गेल्यापासून गॅरेज मी चालवते, ब्रेकही करते. हे लिहून कपाटात ठेवीन, दुसरं कुठे पाठवणार? ब्रेक ऑइल न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावते, यात दुसरं तेल घालू नका, आमच्याकडची एक जीप त्यानेच खाचरात गेली होती. काल एका ड्रायव्हरने विचारलं, "कोनी वतलं होतं?"

मी म्हटलं, "आमच्या बाबांनी. नजर चुकली त्यांची."