एका पतंगाची दोन नावं

प्रिय मास्तर,

अक्षर ओळखलंस ना? मग आधी बस. उभ्या उभ्या वाचण्यासारखं हे पत्र नाही. आपण दोघांनी मिळून एक भलामोठा घोळ घालून ठेवलाय आणि तो नेहमीप्रमाणे मला निस्तरावा लागतोय. तुझा तो पिवळसर, पंखावर काळा ठिपका असलेला नवा पतंग आणि माझी ती राखाडी, खुरट्या पंखांची, उडताच न येणारी नवी मादी या दोन वेगळ्या जाती नाहीतच. जात एकच आहे. तुझा नर, माझी मादी. हस हवं तेवढं, मीही हसले. घटस्फोटाचे कागद झाले, आणि आपण दोन शहरांत बसून एका नवरा-बायकोला परक्या जातीचं ठरवून मोकळे झालो! असले विद्वान शोधून सापडायचे नाहीत.

झालं असं, की आमच्या संस्थेच्या आवारातल्या झाडाच्या सुटलेल्या सालीखाली मला अंड्यांचा पुंजका मिळाला. मादी शेजारीच बसलेली, म्हणून उचलून घरी आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळी बांधलेल्या बरणीत अळ्या वाढवल्या. बाबा हल्ली माझ्याकडेच असतात. सकाळी चहा घेताना ते आधी अळ्यांची विचारपूस करायचे, जमलं तर माझी. कोष झाले, आणि एके दिवशी बघते तर माझ्या माद्यांच्या शेजारी तुझा पतंग ऐसपैस बसलाय, काळ्या ठिपक्यासकट. पहिल्यांदा मी तुझ्यावरच चिडले, सवयीनं. मग सूक्ष्मदर्शकाखाली सगळं तपासलं, दुसरा पुंजका आणून पुन्हा वाढवला. एकाच आईची अंडी, त्यातून दोन्ही निघतात. शंकेला जागाच नाही.

आता खरी पंचाईत. एका जातीला दोन नावं ठेवता येत नाहीत, हे मी तुला काय सांगणार! आधी छापलेलं नाव टिकतं, दुसरं जातं. पण पत्रिकेच्या संपादकांनी आपल्या दोघांच्या लेखांना एकाच अंकात पाठीला पाठ लावून बसवलं होतं. तारीख तीच, आधी-नंतर काही नाहीच. अशा वेळी दोन्ही एकच आहेत हे जो पहिल्यांदा छापून दाखवतो, त्यानं त्यातलं एक नाव निवडायचं, आणि मग ते सगळ्या जगानं पाळायचं. म्हणजे मी. तुझ्या नराला तू तुझ्या आईंचं नाव दिलंयस, माझ्या मादीला मी बाबांचं. दोघांपैकी एकाला मी माझ्या हातानं खोडायचं. कुठल्या तोंडानं?

तू म्हणशील, वडील तुझे, जिवंत आहेत, त्यात विचार कसला करायचा. मीही हेच म्हणत होते. बाबांनी तो लेख चौकटीत घालून दाराजवळ लावलाय. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तो वाचावाच लागतो, बिचारे वाचतातही. त्यांना कसं सांगायचं या धास्तीनं मी कितीतरी दिवस गप्प होते. पण डोळ्यांपुढे सारख्या आई यायच्या. पतंग उजेडाला यावेत म्हणून आपण त्यांची ठेवणीतली पांढरी चादर अंगणात टांगली होती, आठवतं? सकाळी तिच्यावर डाग बघून काय फाडून खाल्लं होतं आपल्याला! तुझ्याशी तर आठवडाभर अबोला. आणि मग एक दिवस मला हाताला धरून आत नेलं आणि दुसरी चादर पुढ्यात टाकली. तिला चारी कोपऱ्यांना बांधायला नाड्या शिवलेल्या. म्हणाल्या, तो वेंधळा आहे, गाठी तू मार. आपलं बिनसल्यावरही त्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही. निघताना दारात नुसत्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. मीच सोडवून घेतला, गाडी चुकेल म्हणून.

शेवटी बाबांना सांगितलं. रागावतील, रुसतील, निदान जेवणार तरी नाहीत असं वाटलं होतं. ते थोडा वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, अगं, मी अजून आहे, मला हाक मारायला तू आहेस. विहीणबाईंचं राहू दे. आणि वर, त्यांच्या हातचं खाल्लंय मी, असंही म्हणाले. मला रडू आवरलं नाही. तर लेख आज गेला. आईंचं नाव ठेवलंय.

पण एवढंच कळवायचं असतं, तर अंक तुला मिळालाच असता. तो जुना अंक माझ्या हातात पडला तेव्हा मी आधी माझाच लेख काढला होता, कौतुकानं. मग पान उलटलं, तर तुझा. नावाचं कारण दिलं होतंस, एकच ओळ, ‘माझ्या दिवंगत आईच्या स्मृतीस’. मास्तर, आई गेल्याचं मला तिथे कळलं. संस्थेच्या वाचनालयात, चारचौघांत, छापील अक्षरात. तू का कळवलं नाहीस ते विचारत नाही. कळवायचं कोणत्या नात्यानं, हा प्रश्न तुलाही पडला असेल. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, निमित्त मिळत नव्हतं, आता मिळालंय. उत्तर पाठवशील तेव्हा पतंगाबद्दल एक अक्षर लिहू नकोस. आईंना काय झालं होतं, फार त्रास झाला का, जवळ कोण होतं, आणि त्यांनी माझी आठवण काढली होती का, ते लिही. नसेल काढली, तर तसंही लिही. खोटं लिहू नकोस, तुला ते जमत नाही.

तुझी आता कोण ते ठाऊक नाही, पण आईंचीच,
सून