आबाजी सिरिअस की ग्रेव्ह

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा नववीच्या वर्गात 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांतला फरक सांगायला उभी राहिले आणि माझ्या तोंडून तुमचाच बैल बाहेर पडला. समोर बैल आला आणि दिसला, ते 'सी'. मान वळवून मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं, ते 'लुक'. आणि तो वांग्याच्या वाफ्यात घुसू नये म्हणून शेताच्या धुऱ्यावर बसून राहिलो, ते 'वॉच'. मुलं हसली. आम्हीही केळझरच्या त्या पत्र्याच्या वर्गात असेच हसायचो, पण फरक कळायचा, कारण तसा बैल आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी होता. माझ्या निबंधात मी अकरा वेळा 'नाइस' लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही समासात लाल शाईनं लिहिलंत, 'घरात दुसरी भाजी नाही का?' भाजीपाला पिकवणाऱ्याच्या पोरीला याहून मोठा अपमान कुठला? मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची स्वतःची डिक्शनरी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "घे, बाजार कर."

मी बाजार करत सुटले. मला सोपा शब्द म्हणजे कमीपणा वाटायला लागला. आई म्हणायची, पोट्टी जेवतानाही पुस्तक चाळून राह्यली. आणि त्याच हिवाळ्यात माझे आजोबा, आबाजी, आजारी पडले. सत्त्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तरचं साल असेल. तापानं ते दोन दिवस डोळे उघडेनात. सेलूचे डॉक्टर येऊन गेले आणि जाताना बाबांना म्हणाले, "केस सिरिअस आहे, मोठ्या मुलाला बोलवून घ्या." मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भिलाईला कारखान्यात होते. तार करायची ठरली आणि घरात इंग्रजी येणारी एकटी मी. बाबांनी माझ्यापुढे कागद ठेवला, आणि खरं सांगते सर, आतल्या खोलीत आबाजी कण्हत असताना मला आनंदच झाला.

'फादर सिरिअस' हे तर सगळ्या गावाला पाठ होतं. ज्याला सही येत नव्हती त्यालाही ते येत होतं. म्हणजे तो आमच्या घरचा 'नाइस' झाला. शिवाय तुम्ही सांगितलं होतं की कधीच न हसणारा माणूसही सिरिअस असतो, आणि आबाजी तर अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करणारे. मी डिक्शनरी उघडली. सिरिअससमोर दोन-चार शब्द होते, त्यांत 'ग्रेव्ह' होता. छोटा, वजनदार, गावात कोणी न वापरलेला. मग 'कम फास्ट' की 'कम क्विक' की 'कम सून', यावर आणखी थोडा वेळ गेला. फास्ट धावणाऱ्याला, क्विक उत्तर देणाऱ्याला, येणाऱ्याला सून, असं तुमचंच सूत्र लावून मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "फादर ग्रेव्ह कम सून."

बाबा गोंधळले. "सुनेले काऊन बोलवून राह्यली तू? दादाले बोलवाचं हाय ना!"

मी समजावलं की इंग्रजीत सून म्हणजे लवकर. बाबांनी कागदाची घडी खिशात घातली आणि सायकलवर सेलूला गेले. तारबाबूनं म्हणे चष्म्यावरून पाहून विचारलं होतं, "ग्रेव्ह? सिरिअस करू का?" बाबांनी ठणकावून सांगितलं, "माह्या पोरीनं लिहिलं हाय. एक अक्षर बदलाचं नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी आबाजींचा ताप उतरला. दुपारी त्यांनी भाकर आणि वांग्याची भाजी मागितली. मोठेबाबांना पुन्हा तार करायची कोणाला आठवणच राहिली नाही. आबाजी आत खाटेवर भिंतीला टेकून पहिला घास मोडत होते, तेवढ्यात फाटकातून मोठेबाबा शिरले. मागे त्यांची बायको, मोठीआई, पदर तोंडावर घेऊन रडत होती. मोठेबाबांचे डोळे सुजलेले, आवाज बसलेला. त्यांनी बाबांची कॉलर धरली.

"माह्या बापाले गाडलं कोणी? मी मेलतो का? अग्नी देयाले एक दिवस थांबता नाई आलं तुमाले?"

बाबांना काही कळेना. मोठेबाबांनी खिशातून तार काढली. भिलाईच्या मोठ्या बाबूनं त्यांना ती वाचून दाखवली होती आणि चुकचुकत सांगितलं होतं, "ग्रेव्ह मतलब कब्र, भाई." दुर्गपासून वर्ध्यापर्यंतच्या सगळ्या प्रवासात मोठेबाबा एकच विचार करत रडत आले होते, की आपल्या घरात आजवर कोणाला गाडलं नाही, मग बापालेच काऊन? मोठीआईला मात्र 'कम सून' स्पष्ट कळलं होतं. सुनेला खास बोलावलंय म्हणून ती नेसत्या पातळावर निघाली होती.

तेवढ्यात आतून आबाजींचा आवाज आला. "कोन बोंबलून राह्यला रे?"

मोठेबाबा मटकन ओट्यावर बसले. मोठीआईनं किंकाळी फोडली. आबाजी भिंत धरत धरत दारात आले, सगळा प्रकार ऐकला आणि बाबांवरच उखडले. "मले गाडलं? काऊन? आंगनात पऱ्हाटीचा एवढा ढीग पडला हाय, मले जाळाले लाकडं नोती का?"

शेजारीपाजारी जमले होते. सगळे हसायला लागले, आई हसली, शेवटी मोठीआईही रडता रडता हसली. मोठेबाबा तेवढे हसले नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी तार ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "हे इंग्रजी बंद करा आता. नववी पुरे झाली. येत्या उन्हाळ्यात पोट्टीचं लगन लावून देऊ." आमच्या घरात मोठेबाबांचा शब्द कोणी ओलांडत नसे. बाबा खाली मान घालून बसले. मी न्हाणीपाशी उभी राहून सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले नाही, आणि गावातून सगळं ऐकून संध्याकाळी तुम्ही आमच्या अंगणात आलात. सायकल कुंपणाला टेकवून तुम्ही सरळ मोठेबाबांपुढे हात जोडलेत. "तार मीच तपासून देल्ली होती. पोरीनं सिरिअसच लिहिलं होतं. खोडून ग्रेव्ह म्या केलं. चूक माही हाय."

मी तार तुम्हाला दाखवलीही नव्हती. मोठेबाबांनी तुम्हाला पाऊण तास झोडपलं. शिकलेले लोक कसे बिनकामाचे, सरकार यांना कशाला पोसतं, सगळं काढलं. तुम्ही मान डोलावत ऐकलंत, मध्ये आईनं दिलेला चहा प्यालात आणि शेवटी म्हणालात, "पोरीची हुशारी चांगली हाय, तिले माह्या चुकीची सजा नका देऊ." मोठेबाबांना रागवायला एक मोठा माणूस मिळाला होता, त्यांचा राग निवला. तुम्ही निघालात तेव्हा ते स्वतःच बाबांना म्हणाले, "मॅट्रिक होऊ दे मंग."

तुम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला मी आले होते. म्हटलं, "सर, तुम्ही खोटं बोललात."

"लाय नाही, एक्स्क्यूज," तुम्ही वर्गातल्या आवाजात म्हणालात. "फरक आहे. उद्या शाळेत ये, सांगतो." मग सायकलवर टांग टाकता टाकता, "शब्द बरोबर होता तुझा. पण डिक्शनरी तुझ्याजवळ होती, मोठेबाबांजवळ नोती. लिहिताना तेही पाहाचं." तो लाय आणि एक्स्क्यूजमधला फरक तुम्ही कधीच सांगितला नाहीत आणि मीही विचारला नाही.

मी मॅट्रिक झाले, वर्ध्याला बी. ए. केलं, हिंगणघाटच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. तिथेच एका सकाळी शिपायानं येऊन सांगितलं, "मॅडम, तुमच्या गावचे सर एक्स्पायर झाले." तुम्ही असतात तर खडू खाली ठेवून म्हणाला असतात, एक्स्पायर औषध होतं, माणूस मरतो. मी ते शिपायाला सांगितलं नाही. वर्गावर गेले आणि त्या दिवशी मुलांना नुसतं वाचायला दिलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. त्या प्रकरणानंतर निवृत्त होईपर्यंत पोरं तुम्हाला मागून 'कबरवाले सर' म्हणायची. फळ्यावर चुना फासलेली कबर काढून ठेवायची. तुम्ही ती निमूटपणे पुसायचात. एकदा वर्गात हसत विचारलंही होतंत, हे नाव कोणाच्या डोक्यातून निघालं, मोठं कल्पक आहे.

सर, ते नाव मी पाडलं होतं. शाळेत परत आले त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, हातपंपापाशी. पोरी मला चिडवायला लागल्या होत्या, म्हणून म्हटलं, मी नाही, त्या कबरवाल्या सरांनीच लिहिलं ते. आणि मग सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.